बाहीवरचं घड्याळ

केशरबाईच्या टोळीत पाच वाजले की कोणी घंटा वाजवत नाही. ती ओळीत ताठ उभी राहते, डावा हात उलटा करून मनगटाची आतली बाजू बघते आणि रोजच्याच आवाजात म्हणते, "झाले पाच." तेवढ्यावर आठ बायका हातातला हरभऱ्याचा शेंडा ओटीत टाकून कंबर सरळ करतात. अजून दोन मिनिटं असतील असं कोणी म्हणत नाही, कारण ती नसतातच. पाचाच्या आधी तिनं कधी सुट्टी दिली नाही, आणि पाचानंतर कोणा मालकाला एक शेंडा फुकट खुडू दिला नाही. चोवीस वर्षं हे असंच चाललं आहे.

अशा बाईला भर धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, सगळ्या टोळीदेखत, एका पोरानं खोटारडी म्हटलं. ते कसं झालं ते नीट सांगायला हवं, कारण गावात आता त्या गोष्टीचे तीन-चार प्रकार झाले आहेत आणि त्यातला एकही खरा नाही.

आधी तिच्या घड्याळाचं सांगते. बघण्यासारखं त्यात काही नाही. पांढरी तबकडी, काळे आकडे, तीन काटे, काच एका कडेला खरचटलेली. पट्टा आजवर पाच वेळा बदलला. ते ती मनगटावर घालत नाही, शर्टाच्या बाहीवर घालते. हरभरा खुडायला जाणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवते. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब, म्हणजे आंबट खार, असते. सकाळच्या दवात ती जास्तच झोंबते, आणि उघडा हात दोन दिवसांत भाजल्यासारखा होतो. बाही सैल राहिली तर आंब आत शिरते, म्हणून केशरबाई बाहीच्या टोकावरूनच पट्टा आवळते. तबकडी आतल्या बाजूला, म्हणजे खुडताना तळवे वर झाले की वेळ आपोआप दिसते. शर्ट तिच्या नवऱ्याचा, ग्यानबाचा. घड्याळ मात्र तिचं स्वतःचं, आणि ते का घेतलं हे ती अजून विसरलेली नाही.

चोवीस वर्षांपूर्वी वावरात एकच घड्याळ असायचं, मालकाच्या हाताला. मालक तेव्हा रामकिसनभाऊ. बोलायला गोड माणूस, तोंडात कधी शिवी नाही. केशरबाईला तेव्हा स्नेहाच्या वेळचा सातवा महिना होता. दिवस कलला की कंबर मोडून यायची आणि ती विचारायची, "भाऊ, किती वाजले?" रामकिसनभाऊ मनगट डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचे, "आता कुठी साडेचार." एक दिवस त्यांनी असं म्हणायला आणि रस्त्यानं शाळेची पोरं दप्तरं हलवत घराकडे यायला एकच गाठ पडली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. केशरबाईला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण डोळे होते.

संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर तिनं धम्मरत्न गुरुजींना विचारलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, विहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची.

"शाळा पाचले सुटते, बाई," गुरुजी म्हणाले. "तीस वर्षं मीच सोडली ना."

म्हणजे रोज अर्धा तास. नऊ बायकांचा, त्यातली एक सात महिन्यांची पोटुशी. चोरी करायचीच तर माणूस धान्य चोरतो, कोंबडी चोरतो. हा माणूस बायकांचा दिवस चोरत होता, आणि तोही गोड बोलून.

गुरुजींनी विहाराच्या भिंतीवरच्या घड्याळाखाली बसवून अकरा संध्याकाळी तिला काटे शिकवले. अक्षरं ती पुढे साक्षरतेच्या वर्गात शिकली, वेळ आधी शिकली. मग दोन कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन शेलूबाजारच्या बाजाराला गेली आणि येताना बाहीवर घड्याळ बांधून आली. रामकिसनभाऊंनी ते पाहिलं.

"बाईले घड्याळ कायले लागते व?"

"तुमचं मांगं पडून राह्यलं ना, भाऊ. त्याले सोबत आणली."

त्या दिवशी सुट्टी पाचला झाली, आणि टोळीची मुकादम कोण हे कोणाला ठरवावं लागलं नाही.

आता रामकिसनभाऊ थकले. वावरातल्या घरासमोर बाजेवर बसून असतात. कारभार त्यांचा मुलगा पवन बघतो. अकोल्याला शिकून आलेला, हुशार पोरगा. मोबाइलवरून विहिरीची मोटार चालू करतो, त्याचं केशरबाईला कौतुकच होतं. लहानपणी याच धुऱ्यावर बसून त्यानं तिच्या शिदोरीतली भाकर आणि ठेचा खाल्ला आहे. त्यामुळे डिसेंबरात, खुडणीच्या पहिल्या दिवशी, गुरुवारी तो एक डबी घेऊन आला तेव्हा तिनं हसूनच हात पुढे केला.

डबीत काळं चौकोनी घड्याळ होतं. काटे नाहीत, काही नाही. नुसती काळी काच.

"मावशी, हे जुनं काढून टाका आता," पवन म्हणाला. "ह्यात वेळ त दिसतेच, वरून पावलं मोजते, छातीचे ठोके मोजते. तुमी वावरात कुठी आहा ते मले घरी बसून फोनवर दिसते."

"तुले कायले दिसाले पाहिजे?"

"तुमच्या तब्येतीसाठी व मावशी. चक्कर आली, काही झालं, त मले लगेच कळंल."

टोळीतली रूपा धाकटी, पण तोंडाने सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "चक्कर आली त आमी आठ जणी हाओ ना उचलाले. तू घरून येईस्तोवर मावशी उठून घरी भाकर थापत बसंल."

सगळ्या हसल्या, पवनही हसला. मग म्हणाला, "पह्यले मावशीनं घालून पाहावं. मंग तुमाले सगळ्याइले आणतो. मावशीनं घातलं त तुमी नाई म्हणणार नाई, मले मालूम हाये."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच केशरबाईनं क्षणभर विचार केला. पण आपल्या हातची भाकर खाल्लेलं पोर तब्येतीचं म्हणतंय, तिथं वाईट काय पाहायचं, असं तिला वाटलं. जुनं घड्याळ मात्र तिनं काढलं नाही. डाव्या हाताला जुनं राहिलं. पवननं स्वतः तिच्या उजव्या हाताची बाही वर सारून नवं घड्याळ उघड्या मनगटावर बसवलं.

दुपारपर्यंत ते तीनदा थरथरलं. प्रत्येक वेळी काचेवर पळणाऱ्या माणसाचं चित्र येई.

"काय म्हणून राह्यलं ते?" एकीनं विचारलं.

"मावशीले पळाले सांगून राह्यलं," रूपा म्हणाली. "सकाळपासून वाकून एकाच ओळीत हाय म्हणते, अशानं कसं होईन. जा मावशी, धुऱ्यापर्यंत एक चक्कर मारून ये, नाई त ते रुसंल."

हसण्यावारी गेलं खरं, पण केशरबाईला ते लागलं. सकाळी दहापासून वाकलेली बाई, आणि हे यंत्र तिला म्हणतं की तू बसून आहेस, ऊठ. संध्याकाळी घड्याळ सोडलं तर खाली लाल कडं उठलेलं. वर सारलेल्या बाहीतून आंब शिरली होती आणि रबरी पट्ट्यानं ती धरून ठेवली होती. तिनं खोबरेल तेल लावलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिनं साधी गोष्ट केली. बाही खाली ओढली, बटन लावलं आणि नवं घड्याळही जुन्यासारखंच बाहीवरून बांधलं. चोवीस वर्षांत बाहीवरच्या घड्याळाचं मिनिटही चुकलं नव्हतं. हे चुकेल असं तिला का वाटावं?

त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला पाच-सात मिनिटं असताना पवनची मोटारसायकल धुऱ्यावर थांबली. हातात फोन. चेहरा कालचा नव्हता.

"मावशी, काल सारं बरोबर होतं. आज सकाळी दहापासून घड्याळ तुमच्या हाताले नाई."

केशरबाईनं उजवा हात वर केला. "हे काय मंग?"

"आता असंल. गाडीचा आवाज आला म्हणून घातलं असंल. हे पाहा, दिवसभर ठोके नाई, काई नाई. काढून ठेवलं अन् कुठीतरी झोपल्या असंल, त तसं सांगा ना. खोटं काहून बोलता?"

 रूपा पुढे आली. "पवनभाऊ, ती दिवसभर माह्या पुढच्या ओळीत होती. तिचं पातळ पाहून पाहून माहे डोळे दुखले."

"तुमी त तिच्याच बाजूच्या," पवन म्हणाला. "फोन काई कोनाच्या बाजूचा नसते. मावशीचा आज अर्धाच दिवस धरतो मी."

केशरबाईनं हातातला शेंडा ओटीत टाकला. डावा हात उलटा केला, बघितलं आणि अजून तीन मिनिटं बाकी होती म्हणून पुन्हा वाकली. तीन मिनिटं खुडलं. मग उभी राहून "झाले पाच" म्हणाली आणि कोणाकडे न बघता घरची वाट धरली.

अर्धा दिवस कापला त्याचं तिला काही नव्हतं. हिशेबाची चूक आज होते, उद्या निस्तरते. पण झोपली म्हणाला. खोटं बोलता म्हणाला. ज्या बाईनं त्याच्या बापाच्या घड्याळाची लबाडी पकडली आणि तरी गावभर बोंब मारली नाही, फक्त स्वतःचं घड्याळ आणलं, तिला म्हणाला.  त्या संध्याकाळी विहारात पंचशील घेताना खोटं न बोलण्याच्या शीलापाशी ती थांबली. लहानपणापासून रोज म्हटलेली ओळ. शेजारची बाई पुढे म्हणत गेली, ही गप्प. गुरुजी आता नाहीत, पण भिंतीवरचं घड्याळ तेच आहे, आणि ती सारा वेळ त्याच्याकडेच बघत बसली.

शनिवारी ती कामाला गेली नाही. टोळीही गेली नाही. तिनं कोणाला जाऊ नका म्हटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी स्नेहा आली. बारावीनंतर काही वर्षं घरी राहून ती आता वाशिमला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला घरी येते. आईचा चेहरा पाहून तिनं विचारलं, आणि मग सगळं ऐकून घेतलं. ऐकल्यावर नवं घड्याळ उलटं केलं. पाठीला बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आई, हे तू कसं घातलं होतं? दाखव."

केशरबाईनं शर्ट चढवला, बाही ओढली, बटन लावलं, वरून घड्याळ बांधलं. स्नेहा आधी हसली. मग हसायची थांबली.

"हा दिवा कातड्याले लागला त ठोके समजते त्याले. कपड्यावर समजत नाई. मंग ते म्हणते, हाताले कोनी नाई."

"म्हणजे दिवसभर शर्टाचे ठोके पाहून राह्यलं ते?" ग्यानबा दारातून म्हणाला.

"बाबा, तुमच्या शर्टाचे."

मग स्नेहानं बाही वर केली, नवं घड्याळ उघड्या मनगटावर बसवलं आणि दुसऱ्या हाताची नाडी आपल्या बोटांनी धरली. डोळे तिच्या आईच्या जुन्या घड्याळाच्या सेकंद काट्यावर. मिनिटभर तिनं ठोके मोजले. "अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. नव्यानंही तेच दाखवलं. "आमाले कॉलेजात सेकंद काट्याचंच घड्याळ लागते. मोजाचं आपणच, घड्याळ फक्त वेळ सांगते."

"म्हणजे मशीन खोटं नाई बोललं," केशरबाई हळूहळू म्हणाली.

"नाई. त्याले समजलं नाई."

"अन् पवनले समजाचं होतं. तो त शिकलेला हाय."

तिचा राग आता जागेवर आला. आतापर्यंत तो सगळीकडे पसरलेला होता, यंत्रावर, स्वतःवर, हरभऱ्यावर सुद्धा.

रविवारी सकाळी दहाला टोळी धुऱ्यावर हजर झाली, पण वावरात कोणी उतरलं नाही. एक दिवस बुडाला होता. फांद्या फुटाव्यात म्हणून खुडायचे ते शेंडे फुलं धरायच्या आत खुडून व्हायला हवेत, नाहीतर खुडून उपयोग नाही, हे पवनला ठाऊक होतं. तो लगबगीनं आला. केशरबाईनं नवं घड्याळ स्वच्छ फडक्यात बांधून आणलं होतं. ते सोडून तिनं त्याच्या हातात दिलं.

"घाल."

"मी कायले?"

"तब्येतीसाठी."

रूपानं तोंडाला पदर लावला. पवननं घड्याळ आपल्या मनगटावर बांधलं. केशरबाईनं त्याला फोन बघायला लावला. ठोके दिसत होते. मग तिनं टोळीच्या पिशवीतून ग्यानबाचा दुसरा शर्ट काढला, त्याच्या हातावर चढवला, बाही ओढली आणि घड्याळ वरून बांधलं.

"आता पाह्य."

पवन बघत राहिला. थोड्या वेळानं फोनवर तेच आलं, जे शुक्रवारी आलं होतं. घड्याळ हातावर नाही. तो समोर उभा होता, हाताला घड्याळ होतं, आणि त्याचा फोन त्याला सांगत होता की तू नाहीस.

"असं हाये का," तो म्हणाला. "त मंग बाहीच्या खालून घालाचं, मावशी. एवढंच."

"बाही वर कर अन् ही एक ओळ खुड. घड्याळ उघड्या मनगटावर ठेवून खुड. मंग बोल."

त्यानं खुडलं. नाही म्हणायची सोय नव्हती, नऊ बायका बघत होत्या. दव अजून वाळलं नव्हतं. ओळ अर्धी झाली नसेल तोच तो पट्टा सैल करून मनगट खाजवायला लागला.

"झोंबते," तो म्हणाला.

"आमाले मालूम हाये."

पवन धुऱ्यावर आला, विहिरीच्या पाण्यानं हात धुतला. "बरं मावशी, जाऊ द्या. मशीनची चूक झाली. अर्धा दिवस भरून देतो."

आता इथं दुसरी कोणी असती तर मान हलवून कामाला लागली असती. चूक कबूल झाली, अर्धा दिवस परत आला, अजून काय पाहिजे? गावातही काहींचं हेच म्हणणं आहे, की केशरबाईनं उगाच ताणलं. त्यांना एकच विचारावंसं वाटतं, की तुमच्या आईला कोणी असं म्हटलं असतं तर?

"मशीननं मले झोपली म्हटलं नाई, पवन," केशरबाई म्हणाली. "मशीननं मले खोटं बोलता म्हटलं नाई. ते तू म्हटलं. ह्याच धुऱ्यावर, ह्या साऱ्या बायाइसमोर. मशीनची चूक मशीनपाशी ठेव. तुही तू काढ."

पवननं इकडेतिकडे पाहिलं. हरभऱ्याकडे पाहिलं. मग खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"मांगच्या बायाइले ऐकू नाई गेलं," केशरबाई म्हणाली. आवाज चढवला नाही.

"मी चुकलो," पवन म्हणाला, आता सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मावशी खोटं बोलल्या नोयत्या. म्या न पाहता म्हटलं."

"अन् बाकीचे घड्याळ?"

"नाई आणत."

केशरबाईनं डावा हात उलटा केला. "दहा वाजून पंचवीस. हे पंचवीस मिनिटं तुही गेली. सुट्टी पाचलेच होईन." आणि ती वावरात उतरली. तिच्यामागे आठही.

राग गेला का, असं स्नेहानं संध्याकाळी विचारलं. केशरबाई म्हणाली, नाही. तिनं खोटं सांगितलं नाही, तो खरंच गेला नव्हता. त्या संध्याकाळी विहारात मात्र ती ओळ तिनं पूर्ण म्हटली, आणि जरा मोठ्यानेच म्हटली.

घड्याळ वाया जाऊ नये म्हणून पवननं ते बापाच्या हाताला बांधलं. खुडणीच्या शेवटच्या दिवशी टोळी घराजवळच्या ओळींत आली, तेव्हा रामकिसनभाऊ बाजेवर बसले होते आणि त्यांचं मनगट थरथरत होतं.

"म्हाताऱ्याले पळाले सांगून राह्यलं," रूपा हळूच म्हणाली.

रामकिसनभाऊंनी हात हलवला, काचेवर बोट घासलं, पुन्हा हलवला. काच उजळली आणि ते डोळे बारीक करेपर्यंत काळी झाली. दोनदा, तीनदा. शेवटी त्यांनी हाक मारली.

"केशर, किती वाजले व?"

"घड्याळ त हाय तुमच्या हाताले, भाऊ."

"ह्यात काई दिसत नाई. पाहाले गेलं की काळं पडते. तुह्यात पाहून सांग."

ओळीतल्या बायका थांबल्या. रूपा केशरबाईच्या कानाशी आली. "पाच सांग, मावशी. एक डाव सांगच. चोवीस वर्षाचं देणं हाय त्याचं."

केशरबाईनं हात उलटा केला आणि तबकडीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खरचटलेल्या काचेवरची माती अंगठ्यानं पुसली. मोठा काटा सहावर होता.

"साडेचार," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.